जुन्या लेथचा जाम बोल्ट सुटत का नाही, आणि बीड न फोडता तो काढायचा कसा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत काय, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनी, येत गेल्या तसे जुने सहा फुटी, आठ फुटी लेथ, म्हणजे काम फिरवून कापायच्या मशिनी, कोपऱ्यात सरकले, आणि आता ते किलोच्या भावानं बाहेर पडतायत. काही सरळ भंगारात जातात, काही मात्र आयटीआय करून आलेली पोरं उचलतात, खोलून साफ करतात, रंग मारतात आणि त्यावर स्वतःचं काम सुरू करतात. मला हे फार आवडतं. माझ्या भाच्यानंही तेच केलं, पट्ट्यावरचा एक कोनपुली (पायऱ्यांच्या पुलीचा) लेथ घेतला, आणि पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, हेडस्टॉकचा एक बोल्ट सुटंना झालाय. पाईप लावू का पान्याला?" मी म्हटलं, "हात लावू नकोस, येतोय मी." हेडस्टॉक म्हणजे लेथचा डावीकडचा, काम फिरवणारा भाग.

हा लेख त्या फोनमुळं लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाहीये. जुना लेथ खोलायला घेतला की दहातले आठ बोल्ट निमूट सुटतात आणि उरलेले दोन आठवडा खातात, आणि त्या दोन बोल्टांच्या नादात हेडस्टॉकचा कान तुटला, गिअरचा दात गेला, बेडला, म्हणजे खालच्या लांब पायाला, तडा गेला असं मी डोळ्यांनी बघितलंय. बोल्ट बाजारात कधीही मिळतो, बीड म्हणजे ओतीव लोखंड मात्र परत मिळत नाही. म्हणून मी पोरांना एकच सांगतो, बोल्टला आधी विचारा तू का अडकलायस, मग काय करायचं ते ठरवा. अडकण्याची कारणं चार-पाचच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

बोल्ट धरून कसा ठेवतो ते आधी

बोल्टवरचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता समजा. सरळ डोंगर चढण्यापेक्षा वळणं घेत चढलं की कमी जोरात वर जाता येतं, तसंच पाना फिरवला की आट्यांच्या उतारावरून बोल्ट हळूहळू पुढं सरकतो आणि स्वतः थोडासा ताणला जातो. हो, लोखंडाचा बोल्टसुद्धा ताणला जातो, रबरासारखाच, फक्त फार थोडा, आणि तो ताणच दोन भागांना दाबून धरतो.

आता गंमत बघा, पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घासण्यातच जातो, अंदाजे ४० टक्के आट्यांच्या घासण्यात जातो आणि खरोखर बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. म्हणजे बोल्ट घट्ट करताना मुख्य भांडण घर्षणाशीच असतं आणि सोडवतानाही घर्षणाशीच असतं. हे लक्षात ठेवलं की एक गोष्ट लगेच कळते, की डोक्याखालचं वायसर आणि डोक्याची बूड तेवढीच महत्त्वाची आहे जेवढे आतले आटे. आपण सगळे आट्यांत तेल घालायच्या मागं असतो आणि डोक्याखाली रंग, लांबी (म्हणजे पुट्टी) आणि गंज तसाच राहतो.

मग जाम होतो म्हणजे नक्की काय होतं?

पहिलं कारण गंज. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत बसतं तसाच गंज वागतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि आट्यांच्या फटीत एवढी जागा असतेच कुठं? मग तो दोन्हीकडून दाबून बसतो. शेड पत्र्याची असेल, वरून थेंब थेंब पाणी पडत असेल किंवा कटिंग ऑइलऐवजी वर्षानुवर्षं नुसतं पाणी वापरलं असेल तर हे हमखास.

दुसरं कारण जुनं तेल. लेथला तेल तर रोज घातलं जातं, पण तीस वर्षांचं तेल आणि बिडाची भुकटी मिळून एक काळा, लाखेसारखा थर बनतो. हा गंज नसतो, त्यामुळं त्याला मार लागत नाही, त्याला रॉकेल किंवा थिनर आणि उष्णता लागते.

तिसरं, आधीच्या कुणीतरी केलेलं काम. आटे तिरके बसवलेले, बोल्टला सेंटर पंच मारून जागीच ठोकलेला, नट वेल्डिंगनं टाचलेला. असलं काही आहे का ते घासून, साफ करून, बॅटरी मारून बघावंच लागतं.

चौथं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त नडणारं आहे, ते म्हणजे बोल्ट जाम नसतोच, आपणच चुकत असतो. उलटे आटे असतात, किंवा आत दुसरा स्क्रू असतो, किंवा ज्याला आपण बोल्ट समजतोय ती टेपर पिन असते. याबद्दल पुढं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त मोडतोड इथंच होते.

पान्याचं माप बसत नाही, हा भास नाही

भाच्याच्या लेथवर पहिला घोटाळा पान्याचाच होता. १३ चा पाना बसत नव्हता, १४ चा ढिला होता, आणि त्यानं १४ चा लावून लावून डोक्याचे कोपरे गोल करत आणले होते. त्यात त्याची चूक नव्हती, तो बोल्ट मिलिमीटरचा नव्हताच.

इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं एक प्रमाण सुचवलं, ५५ अंशाच्या कोनाचं, आणि ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडंही तेच आलं. किर्लोस्करांचा हरिहरचा लेथचा कारखाना १९४१ चा, एचएमटी १९५३ ची, आणि आपल्याकडं मेट्रिक वजन-मापांचा कायदा आला १९५६ साली. त्यामुळं जुन्या मशिनींवर इंची आटे निघणं अगदी साहजिक आहे, आणि पुढंही कित्येक वर्षं छोट्या कारखान्यांतून जुन्या पॅटर्नवरच लेथ निघत राहिले. आपण अजूनही दोन सुती, तीन सुती, चार सुती बोल्ट म्हणतो ते त्याच जमान्याचं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

व्हिटवर्थच्या जुन्या मापात दोन सुती, म्हणजे पाव इंची बोल्टचं डोकं दोन सपाट बाजूंमध्ये ०.५२५ इंच असतं, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. १३ बसणार नाही, १४ अर्ध्या मिलिमीटरहून जास्त ढिला. चार सुतीचं डोकं ०.९२० इंच, म्हणजे २३.४ मिलिमीटर, तिथं २४ चा पाना ढिला. आणि व्हिटवर्थच्या पान्यांवरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, हे माहीत नसलं की माणूस अजून गोंधळतो. जुन्या बाजारात व्हिटवर्थचे पाने अजून मिळतात, चार मापं घेऊन ठेवा. नाही मिळाले तर मोठा पाना लावून फटीत पत्र्याची पट्टी सारा, तेही चालतं, पण ओपन पाना लावू नका, रिंग पाना लावा, कारण ओपन पाना दोनच बाजू धरतो आणि जोर आला की त्याचे ओठ फाकतात.

नवा बोल्ट बसवतानाही हे विसरायचं नाही. चार सुती व्हिटवर्थच्या भोकात १२ चा मेट्रिक बोल्ट एक-दोन आटे जातो, माणसाला वाटतं बसला, आणि मग पाना मारला की बिडातले आटे जातात.

डब्ल्यूडी फोर्टी मारलं की झालं ना?

हा प्रश्न मला सगळे विचारतात. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणं, आणि फोर्टी म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोत हे बनलं ते मुळात धातूवरून ओल हटवून गंज रोखायला. थोडंफार आत शिरतं, काम करतं, नाही असं नाही, पण जाम बोल्टसाठी जे पातळ, झिरपणारं तेल मिळतं ते जास्त चांगलं.

तेल आत जातं ते दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच तत्त्वावर. जितकी फट बारीक तितकं ते जास्त ओढलं जातं, पण फटीच्या तोंडाशी रंग आणि लांबी बसलेली असेल तर वातच बंद. म्हणून आधी डोक्याभोवतीचा रंग स्क्रायबरनं कोरून काढा, वायर ब्रश मारा, ॲलन बोल्ट असेल तर आतल्या भोकातली घाण टोकदार सुईनं अगदी तळापर्यंत काढा, मगच तेल. आरपार भोक असेल तर मागच्या बाजूनंही घाला, कारण बहुतेक वेळा जाम झालेला आटा पलीकडच्या टोकाजवळ असतो. आणि वेळ द्या. पाच मिनिटांत काही होत नाही. संध्याकाळी घाला, सकाळी घाला, परत संध्याकाळी घाला, मधे मधे डोक्यावर हातोडीनं हलके ठोके द्या, त्या थरथरीनं गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल तिथून उतरतं.

आमच्याकडं बरेच जण ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं करून वापरतात. चांगलं चालतं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत म्हणून दर वेळी बाटली हलवायची, आणि ॲसिटोन भयंकर पेटतं, त्याची वाफ दूरवर जाते, तर जिथं हे लावलंय तिथं त्या दिवशी आग आणायची नाही. रॉकेल मिळत असेल तर जुन्या काळ्या थरासाठी तेही उत्तम.

पाईप लावला तर सुटतोच की?

सुटतो किंवा तुटतो, आणि दोन्हीतला फरक बोल्टला ठरवू द्यायचा नसतो.

हिशोब करून बघा. १२ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण ८०-९० न्यूटन मीटरला घट्ट करतात. हाताचा पाना एक फुटी धरला आणि ३० किलोचा जोर दिला तर जवळपास तेवढंच होतं. आता त्याला तीन फुटी पाईप लावला आणि तेवढाच जोर दिला की ते तिप्पट झालं, आणि माणूस लटकला तर विचारूच नका. तिप्पटीला त्या बोल्टचं डोकं पिळून जाणार, आणि जुना, गंजानं बारीक झालेला बोल्ट तर त्याआधीच जाणार.

पाईप लावूच नये असं मी म्हणत नाही, पण हात ऐकायला शिकला पाहिजे. गंज सुटतो तेव्हा कोरडा "टक्" आवाज येतो आणि पाना एकदम थोडा सरकतो. बोल्ट तुटायला आला असेल तेव्हा आवाज येत नाही, पाना मऊ मऊ, चिवट फिरतो, जणू रबर पिळतोय, आणि सोडला की किंचित मागं येतो. हा मऊपणा हाताला लागला की तिथंच थांबायचं, काहीही झालं तरी. परत तेल, परत उष्णता, परत दुसरा दिवस.

आणि सोडवायच्या आधी किंचित घट्ट करून बघा. उलटं वाटतं पण फार उपयोगी आहे, कारण घट्ट करताना आटे स्वच्छ भागाकडं सरकतात आणि गंजाचा थर दोन्ही बाजूंनी मोडतो. एकदा जरासा हलला की चिखलात रुतलेली गाडी जशी पुढं-मागं झुलवून काढतात तसं करायचं, पाव फेरा बाहेर, निम्मा परत आत, तेल, परत पाव फेरा बाहेर. सरळ एका दमात बाहेर ओढायला गेलात तर गंजाची भुकटी आट्यांत दाटते आणि बोल्ट अर्ध्या वाटेत परत जाम होतो, आणि हा दुसरा जाम पहिल्यापेक्षा वाईट असतो.

चपट्या खाचेच्या स्क्रूंना स्क्रू ड्रायव्हर खाचेत तळापर्यंत आणि रुंदीभर बसेल असा घासून घ्या. बाजारातला ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो, जोर दिला की स्वतःच बाहेर येतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर, जो वरून हातोडी मारली की फिरतो, तो घेतलात तर पैसे वसूल आहेत, कारण तो दाबतोही आणि फिरवतोही, आणि तो झटकाच गंज मोडतो.

उष्णता: बैलगाडीची धाव आठवा

लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना काय करतो? धाव शेणी पेटवून लाल करतो, ती फुगते, चाकावर बसवतो, वरून पाणी मारतो, ती आवळते. आपल्याला तेच पाहिजे, फक्त उलट्या कामासाठी.

नट जाम असेल तर नट तापवायचा, तो बाहेरच्या बाजूला फुगतो आणि आतला बोल्ट ढिला होतो, हे सगळ्यांना पटतं. पण बोल्ट बिडात खोल गेलेला असेल तर हेडस्टॉक एवढा मोठा की तो तापवणार कसा? इथं बोल्टच तापवायचा. मग तुम्ही म्हणाल, बोल्ट फुगला तर जास्तच जाम होईल ना? हो, गरम असताना होतो. १२ चा बोल्ट २०० अंशांनी तापला तर साधारण ०.०३ मिलिमीटर फुगतो, केसाच्या जाडीच्या निम्मासुद्धा नाही, पण बिडाला सरकायला जागा नसते म्हणून मधला गंज चिरडला जातो, आणि थंड झाल्यावर बोल्ट परत आकसतो तेव्हा त्या भुकटीत फट पडते. म्हणून तापवा, हाताला सोसेल इतकं निवू द्या आणि मग पाना लावा. दोन-तीनदा करावं लागतं. कोमट असताना मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं आणि आट्यांना वंगण होतं. भाच्याचा बोल्ट असाच सुटला, तिसऱ्या वेळी, मेण आत जाताना मी त्याला दाखवलं, डोक्याच्या कडेनं पांढरी रेघ हळूहळू नाहीशी होत गेली, पाना लावला आणि "टक्". तो उभाच राहिला बघत.

यात काही गोष्टींची काळजी मात्र अगदी कडक घ्या. बिडाला तापवून पाणी मारू नका, ते तडकतं, त्याला ताण सोसत नाही. एकाच ठिकाणी गॅसची निळी सुई लावू नका, ज्वाला फिरती ठेवा, आणि लाल करायची गरजच नाही, पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरून उडाला की बहुतेक वेळा पुरतं. हेडस्टॉकमध्ये व्हाईट मेटलचे बेअरिंग असतील तर जवळपास ज्वाला नको, कथिलाचं व्हाईट मेटल साधारण २४० अंशाला वितळायला लागतं. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, त्याचा धूर आणि घासलेली धूळ दोन्ही वाईट, म्हणून आधी रंग ओला करून खरवडा आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर त्या धुरानं ताप भरतो. आणि गिअरबॉक्समध्ये तेल आहे, चिंध्या आहेत, हे विसरून कुणी ब्लो लॅम्प पेटवू नये, शेजारी वाळूची बादली ठेवा.

बेड वाकणार नाही का, असंही विचारतात. एका बोल्टापुरतं, फिरत्या ज्वालेनं दोन मिनिटं दिली तर काही होत नाही. स्लाइडवेच्या, म्हणजे बेडवरच्या घासलेल्या सरकपट्ट्यांच्या, अगदी जवळ मात्र मी स्वतः आग नेत नाही, तिथं तेल आणि धीर.

जे बोल्टच नाहीत

एका भोकात दोन ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू. पुलीवरचा ग्रब स्क्रू काढला, पुली हलत नाही, पुलर लावला, पुलीचा कान तुटला. हे मी तीनदा बघितलंय. बऱ्याचदा पहिला स्क्रू हलू नये म्हणून त्याच भोकात वरून दुसरा आवळलेला असतो. वरचा काढला की बॅटरी मारून आत बघायचं, खाली अजून एक खाच दिसते का.

टेपर पिन. हँडल, कॉलर, लीड स्क्रूचं (बेडलगतच्या लांब आट्यांच्या दांड्याचं) टोक, अशा ठिकाणी आरपार पिन असते, दोन्ही बाजूंनी घासून सपाट केलेली आणि वर रंग. एका बाजूनं ती जाड असते, दुसऱ्या बाजूनं बारीक, मेट्रिक पिनेला ५० ला १ असा उतार, म्हणजे २५ मिलिमीटर लांबीत फक्त अर्धा मिलिमीटर फरक. जाड बाजूनं ठोकलीत तर ती अजून आवळणार, आणि चार घाव घातले की टोक मशरूमसारखं फुलतं आणि मग कुठूनच निघत नाही. दोन्ही टोकं बारीक एमरीनं चमकवा, व्हर्निअरनं मापा, बारीक बाजू पक्की करा, पलीकडून शाफ्टला जड ठोकळ्याचा भक्कम आधार द्या, आणि मग एकच चांगला, नेमका घाव. भीत भीत मारलेले दहा घाव पिन फुलवतात.

उलटे आटे. सायकलचं डावं पेडल, बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट, जळणाऱ्या गॅसच्या सिलिंडरची जोडणी, हे सगळे उलटे असतात. लेथवर क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचा, स्क्रू बहुधा उलट्या आट्याचा असतो, म्हणजे हँडल घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की टूल कामाकडं जातं. म्हणून तिथं नट अडला तर आधी आटा कुठल्या दिशेनं चढतोय ते डोळ्यांनी बघा.

आणि चक, म्हणजे काम पकडणारा जबड्यांचा भाग. हा तर सगळ्यांचा बाप. जुन्या लेथवर चक स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) नाकावर आट्यांनी बसतो आणि कटिंगचा प्रत्येक जोर त्याला अजून आवळत जातो, वीस वर्षं आवळत जातो. मग लोक काय करतात, बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर) टाकतात, पिनही टाकतात, म्हणजे स्पिंडल लॉक होतं, आणि चकला दांडा लावून हिसका मारतात. तो सगळा हिसका गिअरच्या दोन बिडाच्या दातांवर येतो. मी शिकत असताना एका वर्कशॉपमध्ये हे माझ्या हातून झालं, मला तसंच करायला सांगितलं होतं, आणि दात तुटल्याचा तो आवाज, काच फुटल्यासारखा, मला अजून आठवतो. तेव्हापासून मी कुणाला तसं करू देत नाही. मागच्या बाजूच्या बेडवर लाकडाचा पक्का ठोकळा ठेवा, जबडा त्यावर टेकवा, मोटर बंद, मेन स्विच बंद, आणि पट्टा हातानं उलटा ओढा, झटक्यानं पण अंगाच्या जोरानं. आधी दोन दिवस मागून तेल घातलेलं असू द्या. बेडवर खाली फळी टाका, चक सुटला की थेट बोटांवर येतो.

तुटलाच तर?

तुटला तर शांत बसा, चहा घ्या, त्याच तिरीमिरीत ड्रिल उचलू नका.

थोडा वर राहिला असेल तर पकड पाना किंवा डबल नट. अगदी पृष्ठभागाच्या बरोबरीनं तुटला असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरणं. शिवाय वेल्डिंग बिडाला सहसा धरत नाही आणि ती उष्णता आयतीच बोल्टला मिळते, थंड झाला की पाना लावून हलकेच पुढं-मागं. पहिल्यांदा वेल्ड तुटतो, दुसऱ्यांदा परत करा, तिसऱ्यांदा निघतो.

हे जमत नसेल तर ड्रिल, पण अगदी मधोमध. सेंटर पंच भिंगातून बघून मारा, भोकात घट्ट बसेल अशी बुश करून ड्रिलला वाट द्या, शक्य असेल तर उलटं कापणारं ड्रिल वापरा, कारण ड्रिल करता करताच तुकडा फिरून बाहेर येऊ शकतो. ईझी आऊट, म्हणजे तुकड्यात भोक पाडून त्यात उलटा फिरवायचा निमुळता स्क्रू, हे मी शेवटी ठेवतो, तेही तुकडा आधी ढिला झाला असेल तरच. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला की कुठलंच ड्रिल त्याला लागत नाही, मग स्पार्क इरोजनवाल्याकडं (विजेच्या ठिणग्यांनी धातू काढणाऱ्याकडं) घेऊन जावं लागतं, आणि लेथचा बेड उचलून कोण नेणार?

तुरटीच्या गरम पाण्यात तुटलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) विरघळतो असं ऐकून कुणी करायला जाऊ नका. ते ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या कामात अडकलेल्या पोलादासाठी आहे, खरं आहे, घड्याळवाले करतात, पण तुमचा भाग बिडाचा असेल तर तुरटी बीडही खाणार.

एवढा वेळ घालवण्यापेक्षा ग्राइंडरनं डोकंच कापलं तर?

काही वेळा तेच बरोबर असतं, आणि मी करतो. डोकं कापलं की ताण जातो, वरचा भाग निघतो, मग उघडा दांडा मिळतो ज्याला तेल, उष्णता, पकड पाना सगळं नीट लावता येतं. बोल्ट बळी द्यायला माझी कधीच ना नाही. फक्त स्लाइडवे आणि लीड स्क्रू आधी ओल्या गोणपाटानं पूर्ण झाका, ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो घासलेल्या पृष्ठभागावर रुतून बसतो आणि पुढं सॅडल, म्हणजे बेडवर सरकणारा भाग, त्यावरून फिरत राहतो.

वेळेचं म्हणाल तर बोल्टला तेल घातलेलं असताना तुम्ही त्याच्यासमोर बसायचं नसतंच. रोज सगळ्या बोल्टांना तेल, रोज एक फेरी, जो हलला तो काढला, जो नाही हलला त्याला उद्या. त्या वेळात सुटे झालेले भाग धुवा. छोटे गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला लावून ठेवा, धन टोकाला भंगार लोखंडाचा पत्रा, स्टेनलेस नको कारण त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं, आणि हे उघड्यावर करा कारण हायड्रोजन निघतो.

प्रत्येक बोल्ट निघाला की त्याच भोकाचा नंबर लिहून पुठ्ठ्यात टोचून ठेवा, जुन्या लेथवर सारखे दिसणारे दोन बोल्ट लांबीला अर्धा सूत वेगळे असतात, आणि लांब बोल्ट आंधळ्या भोकात गेला की तळाला टेकतो आणि बीड फोडतो. भोकात टॅप हातानं फिरवून जुने आटे साफ करा, तेही त्याच जातीच्या टॅपनं, व्हिटवर्थच्या भोकात मेट्रिक टॅप नाही. परत बसवताना आट्यांना आणि डोक्याखाली तांब्याची पेस्ट किंवा निदान ग्रीसचं बोट लावा, आणि वंगण लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त ताणला जातो म्हणून नेहमीपेक्षा जरा कमी आवळा.

भाच्याच्या लेथचे बत्तीस बोल्ट आत्ता पुठ्ठ्यावर आहेत. एक राहिलाय, एप्रनच्या (सॅडलखाली पुढं लटकणाऱ्या भागाच्या) मागचा, दोन सुती, त्याला आज सहावा दिवस आहे, काल रात्री तेल घालताना डोक्याच्या कडेनं तांबडं पाणी बाहेर आलं होतं. म्हणजे तेल आत पोचलंय. उद्या सकाळी मेण घेऊन जातो.